ताईच्या सहीचा नमुना

सरकारी नोकरी सोडायचा विचार आहे असं नांदेडात कुणाला सांगितलं, की समोरचा आधी तब्येतीची चौकशी करतो. मग आवाज बारीक करून विचारतो, काही भानगड झाली का, चौकशी बसली का. दोन्हींना नाही म्हटलं की त्याचा आपल्यावरचा विश्वासच उडतो. ब्लॉग लिहून पोट भरणार आहे, हे तर सांगायचीच सोय नाही. एकाला सांगून पाहिलं. तो म्हणाला, म्हणजे व्हिडिओ का? म्हटलं, नाही, लिहितो. त्यावर तो म्हणाला, पण आता वाचतंय कोण?

वाचत होते. तेच तर दुखणं होतं.

मी एका सरकारी खात्याच्या जिल्हा कार्यालयात कनिष्ठ लिपिक आहे. माझं टेबल खिडकीजवळ, म्हणजे हवेसाठी नाही, माणसांसाठी. हदगाव, किनवट, देगलूरहून माणसं सकाळच्या एसटीने येतात, रांगेत उभी राहतात आणि त्यांना आम्ही सांगतो की फोटोवर सही नाही, झेरॉक्स साक्षांकित नाही, पुढच्या वेळी घेऊन या. मीही सांगितलं आहे, खोटं कशाला बोलू. काय काय आणायचं ते एकदाच सगळं सांगितलं तर आमचं काय बिघडणार होतं, ते मला आजही कळलेलं नाही. पण आम्ही एका वेळी एकच त्रुटी सांगतो. तशीच पद्धत आहे, आधीच्यांनी तीच शिकवली.

एका रविवारी घरी बसून मी वारस प्रमाणपत्राला लागणारे सगळे कागद ओळीने लिहून काढले. कोणता कागद कुठून मिळतो, कोणावर कोणाची सही लागते, कोणता कागद बाबू मागतो पण नियमात नाही, सगळं. ते ब्लॉगवर टाकलं. मग विधवेच्या पेन्शनचं लिहिलं, जात पडताळणीचं लिहिलं, नॉन-क्रीमीलेयरचं लिहिलं. भाषा साधी ठेवली. वर्षभरात लोक इतके यायला लागले की जाहिराती लावून बघितल्या, आणि त्या चालल्या. सरकारी नोकराला दुसरा धंदा करता येत नाही, म्हणून सगळं बायकोच्या नावावर ठेवलं. खिडकीत माझ्याशी भांडून गेलेला माणूस घरी जाऊन माझंच लिहिलेलं वाचत होता, आणि खाली आभार मानत होता, ही गंमत फक्त मला ठाऊक होती. देगलूरच्या एका बाईने लिहिलं होतं, ‘दादा, तुमच्यामुळे माझं काम झालं.’ अकरा वर्षांत त्या खिडकीतून मला कुणी मायेनं दादा म्हटलं नव्हतं. ते वाचून माझ्या डोळ्यांत पाणी आलं, हे लिहायला लाज वाटते, पण आलं.

मग कुणीतरी तक्रार केली. आमच्याकडे असं कुणीतरी नेहमीच असतं. अधीक्षकांनी मला आत बोलावलं, दार लोटून घेतलं आणि बसायला सांगितलं. ओरडले नाहीत. त्यांनी स्वतःच्या मेव्हण्याच्या कामासाठी माझ्याच ब्लॉगवरची यादी काढून नेली होती, हेही हसत हसत सांगितलं. मग म्हणाले की महिनाभरात एक काहीतरी ठरवा, हे तरी नाही तर ते तरी, म्हणजे मला कागद पुढे पाठवावा लागणार नाही. चहाही पाजला.

मला नोकरी सोडायची होती. फार दिवसांपासून मनात होतं, आता निमित्त मिळालं. काही महिने जाहिरातींचे पैसे पगाराच्या वर जात होते. बायकोला सांगितलं तर ती म्हणाली की लग्नाआधी तिच्या वडिलांनी माझं ऑफिस बाहेरून बघून घेतलं होतं, ब्लॉग कुठे जाऊन बघायचा होता त्यांनी? मग दोन दिवसांनी स्वतःच म्हणाली, जमत असेल तर सोडा, पण उद्या रडायला माझ्याकडे येऊ नका. तिच्याकडून एवढी परवानगी म्हणजे खूपच झाली.

आई मात्र ऐकून गप्प बसली. जेवताना गप्प, भांडी घासताना गप्प. दुसऱ्या दिवशी मी कामावर निघालो तर दारात आडवी उभी राहिली.

“ती नोकरी तुझी न्हाई,” ती म्हणाली. “तुझ्या बापाची हाय, आन् तुझ्या बहिणीनं तुला दिलेली हाय. तिला इचार, मंग काय करायचं ते कर.”

हे खरं होतं. इतकं खरं होतं की मी ते विसरून गेलो होतो.

माझे वडील याच खात्यात, हदगावच्या कार्यालयात होते. नोकरीत असतानाच ते गेले. दिवसकार्य झालं आणि त्यांच्या ऑफिसातले एक काका अनुकंपाचा फॉर्म घेऊन घरी आले. माणूस नोकरीत असताना वारला तर त्याच्या घरातल्या एकाला नोकरी लागते. एकालाच. घरात आई, ताई आणि मी. ताई माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. ती बी.एस्सी. पहिल्या वर्गात पास झालेली, मराठी टायपिंगची परीक्षा दिलेली. मी बी.ए. कसाबसा पास, आणि टायपिंग मशीनला हात लावलेला नव्हता. कुठल्याही शहाण्या माणसाने ताईचं नाव घातलं असतं. पण आमच्याकडे निर्णय घ्यायला मामा आले होते. मामा म्हणाले, पोरीला नोकरी दिली तर पगार उद्या परक्याच्या घरी जाईल, मग ह्या दोघांनी काय करायचं? आई काही बोलली नाही. ताईही नाही. मी तर नाहीच नाही. माझ्या त्या गप्प बसण्याला पुढे सगळ्यांनी समजूतदारपणा म्हटलं.

एकाचं नाव घालायचं तर बाकीच्या वारसांनी लिहून द्यावं लागतं, की याला नोकरी दिली तर आमची हरकत नाही. बॉन्डपेपरवर शपथपत्र करायचं. हदगावच्या तहसीलबाहेर टायपिस्ट बसतात, त्यातल्या एकाकडे आम्ही गेलो. त्याला मजकूर पाठ होता, तो न विचारताच बडवायला लागला. ताईने त्याला थांबवलं. म्हणाली, एक ओळ माझी घाला. टायपिस्ट म्हणाला, बाई, लागत न्हाई, कशाला जागा घालवता. तिने ऐकलं नाही. तिने सांगितली तशी ती ओळ त्याने तोंड वाकडं करून टाईप केली: ‘माझे शिक्षण पूर्ण झाले असून मी स्वतःच्या पायावर उभी राहण्यास समर्थ आहे.’ मग तिने खाली सही केली. माझं कौतुक असं, की मला तेव्हा उन्हाचा त्रास होत होता आणि हे लवकर उरकावं असं वाटत होतं.

दीड वर्षाने आदेश निघाला. अनुकंपावाल्याला टायपिंग पास व्हायला मुदत मिळते, ती मला मिळाली. मला टायपिंग शिकवलं ताईने. रोज संध्याकाळी माझ्या शेजारी बसायची, नजर कागदावर ठेव, बोटांकडे बघू नको म्हणायची. मी पास झालो आणि पुढच्या वर्षी तिचं लग्न झालं. लातूरला दिली. भाऊजी डाळ मिलमध्ये सुपरवायझर. ताई तिथल्या एका कोचिंग क्लासच्या काउंटरवर बसते, ॲडमिशनचे फॉर्म भरून घेते, पालकांना बॅचच्या वेळा सांगते. पहिल्या वर्गातल्या बी.एस्सी.ला एवढं पुरे, असं लातुरात कुणाला वाटत असेल तर मला माहीत नाही. मला वाटत होतं. ती सुखात आहे असं मी धरून चाललो होतो, कारण तसं धरलं की बरं असतं.

तर आईच्या म्हणण्यावरून मी लातूरला निघालो. मोकळ्या हाताने जायची लाज वाटली, म्हणून एक कागद टाईप करून नेला. मी राजीनामा दिल्यावर माझ्या जागी ताईला अनुकंपावर घ्यावं, असा विनंती अर्ज, ताईच्या नावाने. आता हे मी स्पष्टच लिहितो: मला नियम माहीत होता. एकदा एकाला नोकरी लागली की त्या घराचा हक्क संपतो, त्याने सोडली तरी दुसऱ्याला मिळत नाही. याच खात्यात अकरा वर्षं काढून मला हे माहीत नसेल असं कुणी समजू नये. तरी मी तो अर्ज केला. प्रस्ताव टाकून बघू, वरून काही निघतं का बघू, असं तिला सांगायचं ठरवलं होतं. आम्ही खिडकीत असंच सांगतो आणि माणसं बिचारी आशेने परत जातात.

बसमध्ये लोहा, अहमदपूर, चाकूर असं एकेक मागे पडत होतं आणि मी मनात बोलणं जुळवत होतो. मोठ्या मनाने आलोय असं वाटलं पाहिजे, पण फार मोठ्या मनाने नको, तिला संशय येईल.

ताई घरी एकटीच होती. भाऊजी मिलवर होते. तिने आधी जेवायला वाढलं. आई कशी आहे, पोरगी कितवीला गेली, सगळं विचारून झालं. मग मी अर्ज काढून तिच्यापुढे ठेवला. तिने तो सावकाश, पूर्ण वाचला. घडी घालून परत माझ्याकडे सरकवला.

“हे होत न्हाई,” ती म्हणाली. “मी विचारून आले होते.”

कधी, असं मी विचारलं. तिने सांगितलं ते असं. मी लागल्यावर तीन वर्षांनी भाऊजींची मिल काही महिने बंद पडली होती. तेव्हा ती एकटी नांदेडला आली होती, आमच्याच कार्यालयाच्या दुसऱ्या मजल्यावर जाऊन एका बाबूला विचारलं होतं, की भावाने मनाने सोडली तर बहिणीच्या नावावर होते का. तो म्हणाला होता, नाही. ती तशीच खाली उतरली. मी पहिल्या मजल्यावर होतो. माझ्या टेबलापर्यंत ती आली नाही, घरीही आली नाही, दुपारच्या गाडीने परत गेली. मला हे आठ वर्षं माहीत नव्हतं. मी तेव्हा मागितली असती तर दिली असतीस का, हे तिने विचारलं नाही, याचे मी आजही उपकार मानतो. कारण मी काय म्हणालो असतो ते आम्हा दोघांनाही माहीत आहे.

मी विषय बदलायचा म्हणून ब्लॉगबद्दल बोलायला लागलो. लोक किती येतात, पैसे कसे मिळतात, वर्षभरात कुठपर्यंत जाईल. ती ऐकत होती. मग तिने विचारलं, सगळ्यात जास्त काय वाचतात?

मी सांगितलं, अनुकंपाचं. आणि मला जरा अभिमानच वाटला. त्या एका लेखावर सगळा ब्लॉग उभा होता. अर्ज कसा करायचा, मुदत किती, यादीत नाव कसं बघायचं, सगळं त्यात होतं. बहिणींची नाहरकत आधीच समजुतीने घेऊन ठेवावी, म्हणजे नंतर अडचण येत नाही, असंही मीच लिहिलं होतं. आणि खाली तयार नमुना जोडला होता. लोक नमुन्यासाठीच यायचे.

ताई उठली, आत गेली आणि पर्समधून एक घडी केलेला कागद घेऊन आली. तो माझाच नमुना होता, कुणीतरी प्रिंट काढलेला.

“आमच्या रिपीटर बॅचमधली पोरगी हाय,” ती म्हणाली. “तिचा बाप मागच्या साली वारला. भावानं हा कागद पाठवला, सही करून पाठव म्हणून. ती माझ्याकडं घेऊन आली. मला म्हणाली, मॅडम, ह्यात लिहिलंय माझे शिक्षण पूर्ण झाले आहे. माझं तर कुठं झालंय? मग हे खोटं होईल का?”

मी कागदाकडे बघत बसलो. नावाच्या जागी आणि सहीच्या जागी मी काळ्या पट्ट्या मारल्या होत्या. सहीची पट्टी थोडी आखूड पडली होती. तिच्या सहीचा शेवटचा फराटा बाहेर आला होता, ती अजूनही तशीच सही करते.

असं झालं होतं. लेख लिहिताना नमुना हवा होता. माझ्या सेवापुस्तकाच्या फाईलमध्ये ताईच्या शपथपत्राची प्रत होती. ते चांगलं होतं, मुद्देसूद होतं, आमच्या कार्यालयाने एकही त्रुटी न काढता स्वीकारलं होतं. मी ते स्कॅन केलं, पट्ट्या मारल्या आणि टाकून दिलं. तिला विचारावं असं माझ्या मनात आलंच नाही. तो कागद माझ्या फाईलमध्ये होता, म्हणून तो माझाच आहे असं मला वाटत होतं. तिने हट्टाने घालून घेतलेली ती एक ओळ, महाराष्ट्रातल्या किती पोरींनी न वाचता तिच्याखाली सही केली असेल, मला माहीत नाही. डाउनलोडचा आकडा मला माहीत होता. तो मी तिला सांगितला नाही.

“तू काय सांगितलंस तिला?” मी विचारलं.

“मी काय सांगणार? मी म्हणाले, बाई, हे वाक्य खोडून टाक. आन् बाकीचं पण करू नको. तर ती म्हणली, भाऊ बोलत न्हाई मग घरात.” ताईने कागदाची घडी घातली. “तिनं केली सही. माझ्याच पेनानं केली.”

मी म्हणालो, ताई, चुकलं. आजच काढतो. तिने मान हलवली. मग मी, म्हणजे मीच, तेवढं सगळं ऐकून झाल्यावरही, विचारलं की मग नोकरीचं काय करू? सोडू का नको?

तिला राग आला नाही. राग आला असता तर मला बरं वाटलं असतं.

“तू सोडली तरी मला मिळत न्हाई, न्हाई सोडली तरी मिळत न्हाई,” ती म्हणाली. “मला कशाला मधी घेऊन राहिला तू?”

मग तिने चहा टाकला. आईसाठी डाळीची पिशवी बांधून दिली, भाऊजी मिलमधून आणतात ती. दाराशी आल्यावर मी पुन्हा म्हणालो, आजच काढतो. ती म्हणाली, सांभाळून जा.

बसमध्ये बसल्या बसल्या फोन उघडला. त्या दिवशी ब्लॉगवर आलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त लोक त्याच पानावर होते. तो लेख काढला तर बाकीच्या लेखांवर घर चालणार नव्हतं, हे मला चाकूरच्या आधीच कळलं. म्हणजे नोकरी सोडायची तर तो कागद ठेवायचा, आणि कागद काढायचा तर नोकरी करायची. मी स्वतःला सांगितलं की घरी जाऊन शांतपणे बघू. घरी गेलो तर आई विचारायला लागली, तिला सांगितलं की ताई म्हणते तुझ्या मनाने कर. आईला बरं वाटलं.

मग मी उपाय शोधत बसलो. ती ओळ काढून नवा नमुना टाईप करून टाकला तर? केला टाईप. पण लेख तोच, बहिणींची समजूत काढा म्हणणारा. मग वाटलं, लेखात बहिणींसाठीही चार ओळी लिहू, की सही करायची सक्ती नाही. लिहिल्या. त्या दिवशी खाली एकाने लिहिलं, साहेब, तुम्ही लोकांची घरं फोडता का? चार ओळी मी पुसल्या. आता विचार केला की हसू येतं, इतकी वर्षं मी लोकांना सांगत होतो की कागदाला घाबरू नका. अधीक्षकांनी मधे एकदा आठवण दिली, महिना संपत आला. बायकोने विचारलं, ठरलं का? मी म्हणायचो, ठरवतो आहे. रोज सकाळी किती लोक आले ते बघायचो, आणि रोज त्या पानाचा आकडा सगळ्यात वर असायचा. मला कळत होतं त्यातला एकेक आकडा काय आहे. तरी बघायचो. माझ्यासारखा हलकट माणूस मी दुसरा पाहिलेला नाही, आणि माझ्या खिडकीतून मी बरीच माणसं पाहिली आहेत.

शेवटी एका दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, ऑफिसातच बसून मी तो लेख काढला. लगेच बाकीचाही ब्लॉग बंद केला, कारण आता त्यात काही उरलं नव्हतं. अधीक्षकांना लिहून दिलं की बंद केला आहे. त्यांनी पाठ थोपटली, म्हणाले, योग्य निर्णय घेतलात. घरी आईने शेजारच्यांना पेढे दिले, पोरगा ताळ्यावर आला म्हणून. बायकोने त्या दिवशी जेवायला माझ्या आवडीचं केलं. सगळ्यांना वाटलं मी नोकरी निवडली.

संध्याकाळी ताईचा फोन आला. ती एरवी रविवारी करते, तो बुधवार होता. मी उचलला, काही बोलायच्या आत तिने विचारलं, काढलास का? मी म्हणालो, हाव, काढला. मला वाटलं ती बरं म्हणेल.

“रोज उघडून बघत होते मी,” ती म्हणाली. “एकवीस दिवस लागले तुला.”

आणि तिने फोन ठेवला.